वाचकांचे प्रश्न : रुग्णालयाच्या समितीत रुग्णाची खुर्ची

मागील अंकात याच सदरात रुग्णालयांच्या प्रतीक्षागृहांविषयी लिहिले होते. सेवा आखताना रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना कोणी विचारते का, असा प्रश्न त्यात ओघाने आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची आणि त्यांनी उल्लेखलेल्या रुग्णालयांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझ्या यजमानांचे आठवड्यातून तीनदा डायलिसिस होते. आमच्या शहरातील एका धर्मादाय रुग्णालयाने रुग्ण व नातेवाईक यांचे सल्लागार मंडळ स्थापन केले आणि मला त्यात घेतले. आतापर्यंत दोन बैठका झाल्या. पहिलीत ओळखी आणि चहा झाला. दुसरीत नव्या डायलिसिस विभागाचा नकाशा पडद्यावर दाखवला. विभाग दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट एकच आहे आणि सोबतच्या माणसांना बसायला जागाच नाही, हे मी निदर्शनास आणले. "चांगली सूचना आहे, नोंद घेतो," असे उत्तर मिळाले. नंतर इतिवृत्त आले, त्यात "सदस्यांनी नकाशाचे स्वागत केले" एवढेच लिहिले होते. मी पुढच्या बैठकीला जावे का?

उत्तर : जावे, मात्र रिकाम्या हाताने जाऊ नये. आधी एक पत्र पाठवावे आणि मग जावे. पत्रात काय लिहायचे ते शेवटी सांगते. त्याआधी दुसऱ्या बैठकीत नेमके काय चुकले ते पाहू, कारण चूक तुमच्या सूचनेत नव्हती, वेळेत होती. इमारतीचा नकाशा रंग भरून पडद्यावर येतो तोपर्यंत विश्वस्तांची मान्यता मिळालेली असते, वास्तुविशारदाचे बिल निघालेले असते आणि बहुधा बांधकाम परवानगीचा अर्जही गेलेला असतो. त्या टप्प्यावर बोलावलेल्या माणसाकडून सल्ला नको असतो, मान डोलावणे हवे असते. म्हणूनच तुम्ही जे बोललात त्याच्या नेमके उलटे वाक्य इतिवृत्तात आले. लिहिणाऱ्याने ते मुद्दाम केले असेल असे नाही, "स्वागत केले" हे शब्द त्याच्याकडे बैठकीपूर्वीच तयार असावेत.

तुमच्याकडे जी माहिती आहे ती त्या दालनातील दुसऱ्या कोणाकडे नव्हती. आठवड्यातून तीनदा म्हणजे वर्षाला 156 वेळा तुम्ही त्या विभागाच्या दारापर्यंत जाता. सुमारे चार तास यंत्रावर काढून रुग्ण उठतो तेव्हा त्याचा रक्तदाब उतरलेला असू शकतो, सुई काढलेल्या जागी बोळा दाबून धरावा लागतो आणि फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या, हाताने जड पिशवी उचलायची नसते. त्यामुळे पिशवी, फाइल, घरून आणलेली शाल आणि रुग्णाचा दुसरा कोपर हे सारे सोबतच्या माणसाच्या हातात येते. अशा अवस्थेतील जोडी लिफ्टसमोर उभी असते आणि लिफ्टमधून जेवणाची गाडी उतरत असते. नकाशावर तो एक चौकोन असतो. तुमच्या लेखी ती दहा मिनिटे असतात, ज्यांत रुग्णाला बसायला काहीतरी हवे असते. शाल घरून का न्यावी लागते, हेही विचारून पाहा. यंत्रावर असताना अनेकांना थंडी वाजते आणि वातानुकूलन यंत्राचा झोत नेमका कोणत्या खाटेवर येतो, हे तिथे नेहमी येणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. पाणी मोजून पिण्याचे पथ्य असलेल्या माणसांच्या डोळ्यांसमोर थंड पाण्याचा कूलर बसवू नये, ही गोष्ट तुम्ही अर्ध्या मिनिटात सांगितली असती. पण ती विचारण्याची वेळ खांब ठरण्यापूर्वीची होती.

शेरी अर्न्स्टीन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी 1969 मध्ये नागरी सहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली. तिच्या तळाशी लोकांना नुसते वापरून घेणे आहे आणि टोकाशी निर्णय लोकांच्या हाती असणे आहे. मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे, मत विचारणे आणि समजूत घालणे येते. समितीत एखाददुसरी जागा द्यायची, पण बहुमत आणि अंतिम शब्द आपल्याकडेच ठेवायचा, हा प्रकार त्यांनी समजूत घालण्याच्या पायरीवर ठेवला. तुमचे मंडळ आज त्याच पायरीवर आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, बहुतेक मंडळांची सुरुवात तिथूनच होते. मात्र आपण कोणत्या पायरीवर आहोत हे स्वतःला ठाऊक असावे.

आता पत्र. त्यात तीनच गोष्टी विचाराव्यात. नव्या विभागाबाबत कोणते निर्णय अजून व्हायचे आहेत? आम्ही केलेल्या सूचनांवर काय ठरले, आणि एखादी मान्य झाली नसेल तर ती का, हे कोण व कधीपर्यंत कळवणार? इतिवृत्ताचा मसुदा सदस्यांना वाचायला देऊन मगच तो कायम होणार का? यांतील पहिला प्रश्न सर्वांत कामाचा आहे. मजला बदलणार नाही, हे गृहीत धरा. परंतु पाळ्यांच्या वेळा, लिफ्टमध्ये अग्रक्रम कोणाला, खुर्च्या कोठे, सोबतच्या माणसाला आत किती वेळ थांबता येईल आणि सकाळच्या पाळीला बाहेरगावच्या रुग्णांना घ्यायचे की गावातल्यांना, हे सारे अजून मोकळे असणार. पहिली एसटी गावातून सुटण्यापूर्वीच ज्याची पाळी सुरू होते, तो माणूस आदल्या रात्री येऊन रुग्णालयाच्या पायऱ्यांवर झोपतो. खांब न हलवता हे बदलता येते.

येथे एक स्वतःचा अनुभव सांगते. समाजसेवा अधीक्षक म्हणून मी अनेक वर्षे रुग्णांच्या बाजूने अर्ज लिहिले, पण आईला पक्षाघात झाल्यावर एका खासगी रुग्णालयात मी पहिल्यांदा टेबलाच्या पलीकडे बसले. घरी सोडण्याच्या दिवशी, बिल भरण्याच्या खिडकीवर, एका हातात पावती असताना मला अभिप्रायाचा अर्ज दिला गेला. जेवण, स्वच्छता आणि कर्मचाऱ्यांची वागणूक यांसमोर हसऱ्या आणि रडक्या चेहऱ्यांची रांग होती. फिजिओथेरपी विभागाचा उतार जिथे संपतो तिथे दोन इंचांची एक पायरी होती आणि आईची चाकाची खुर्ची रोज तिथे मागे वळवून ओढावी लागे. ते लिहिण्यासाठी अर्जात रेघदेखील नव्हती. मी सगळीकडे हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली आणि रिक्षा थांबवायला गेले. त्या रुग्णालयाच्या कागदोपत्री मी समाधानी नातेवाईक आहे.

प्रश्न : मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. आमच्या रुग्ण कल्याण समितीची बैठक म्हणजे शिपायाने नोंदवही घेऊन घरोघरी सह्या आणणे, ही पद्धत मी रुजू झालो तेव्हापासून पाहतो आहे. मला ती मोडायची आहे. परंतु समितीत पदाधिकारी आणि अधिकारीच आहेत, दर महिन्याला गोळ्या घ्यायला येणारा रुग्ण एकही नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : डॉक्टर, या समितीचा जन्म कसा झाला ते लक्षात घेतले तर तिची सवय उलगडते. मध्य प्रदेशात इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात 1990 च्या दशकात ही कल्पना आकाराला आली. रुग्णालयात जमणारा पैसा सरकारी तिजोरीत न जाता तिथेच, स्थानिक निर्णयाने खर्च करता यावा, हा तिचा मुख्य हेतू होता. पुढे 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि ती देशभर पोहोचली. पैशाच्या सोयीसाठी जन्मलेली समिती पैशाचेच बोलते. इन्व्हर्टर, रंगकाम, पाण्याची टाकी असे विषय तिच्या पत्रिकेवर येतात आणि त्यासाठी सह्या पुरतात. सेवा कशी चालावी हा विषय तिच्यासमोर कोणी ठेवलाच नाही, तर ती तो स्वतःहून काढणार नाही.

महाराष्ट्राला याबाबत परक्या उदाहरणांची गरज नाही. त्याच अभियानात 2007 पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख व नियोजनाचे काम सुरू झाले आणि पुण्याच्या 'साथी' या संस्थेने राज्य पातळीवर त्याचा समन्वय केला. गावातील लोकांशी बोलून प्रत्येक सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देणारे प्रगतिपत्रक तयार होई, ते केंद्राच्या भिंतीवर लागे आणि जनसुनवाईत लोक अधिकाऱ्यांसमोर उभे राहून आपला अनुभव सांगत. बाहेरून औषधे आणायला लावणारी चिठ्ठी, मोफत सेवेसाठी मागितलेले पैसे, मुक्कामी न राहणारे कर्मचारी असे विषय तिथे नावानिशी निघाले. जे केंद्राच्या किंवा तालुक्याच्या हातात होते, त्यात अनेक ठिकाणी सुधारणा झाली. रिक्त पदे आणि वरून येणारा औषधपुरवठा मात्र गावच्या सभेने सुटणारे प्रश्न नव्हते. हा फरक तुम्ही पहिल्याच दिवशी लोकांना मोकळेपणाने सांगावा. आपल्या हातात नसलेल्या गोष्टीचे आश्वासन दिले की दुसऱ्या सभेला कोणी येत नाही.

सुरुवात एकाच सेवेपासून करा. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या न्यायला येणाऱ्यांची रांग घ्या, कारण ती माणसे पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांना तुलना करता येते. एखाद्या सकाळी एका आजींबरोबर एसटी थांब्यापासून औषधाच्या खिडकीपर्यंत चालत जा, त्यांच्याच वेगाने. केसपेपरसाठी एकदा, तपासणीसाठी एकदा, प्रयोगशाळेसाठी एकदा आणि औषधासाठी एकदा त्या कशा उभ्या राहतात, प्रत्येक रांगेत कुठे टेकतात आणि परतीची गाडी किती वाजता आहे, हे पाहा. या गोष्टी तुमच्या टेबलावरून कधीच दिसणार नाहीत, कारण तुमच्या टेबलासमोर त्या फक्त दोन मिनिटे बसतात. मग अशा सात-आठ रुग्णांना रांगेतच विचारून बैठकीला बोलवा. बैठक गोळ्या मिळण्याच्या दिवशीच, औषधे हातात पडल्यावर घ्या. आधी घेतली तर माणसे गोड बोलतील, आणि ते स्वाभाविक आहे. विचारणारा माणूसही शक्यतो केंद्राबाहेरचा असावा. आशाताई चांगल्या असतात, पण उद्या त्याच आशाताईंकडे काम पडणार असल्याने त्यांच्यासमोर सगळेच खरे बोलतील, अशी अपेक्षा करू नये. निघालेल्या मुद्द्यांपैकी दोन मुद्दे समितीच्या पत्रिकेवर ठेवा, ज्यांनी ते मांडले त्यांतील दोघांना निमंत्रित म्हणून बसवा आणि पुढच्या गोळ्यांच्या दिवशी "काय ठरले" हे खिडकीशेजारी मोठ्या अक्षरात लिहून लावा, शिवाय वाचूनही दाखवा. शिपाई पुढच्या वेळी वही घेऊन निघाला की त्याला थांबवण्याचे कारण तुमच्याकडे असेल.

प्रश्न : आमच्या स्वयंसेवी संस्थेत सल्ला देण्यासाठी येणाऱ्या रुग्णांना पैसे द्यावेत का? एका विश्वस्तांचे म्हणणे असे की पैसे दिले तर त्यांच्या मताचे मोल जाते.

उत्तर : त्या बैठकीला विश्वस्तांचा चालक मोफत येतो का, हे त्यांना नम्रपणे विचारावे. जाण्यायेण्याचे भाडे, बुडालेली मजुरी आणि घरी रुग्णाजवळ कोणाला बसवावे लागले असेल तर त्याचा खर्च, एवढे तरी त्याच दिवशी, रोख आणि बिलांचा हट्ट न धरता द्यावे. तसे केले नाही तर तुमच्या समितीत निवृत्तिवेतन मिळणारे आणि शहरात राहणारेच उरतील आणि तुम्ही म्हणाल की गरीब रुग्णांना रस नाही.

प्रश्न : माझ्या 29 वर्षांच्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. तो ज्या दिवसकेंद्रात जातो त्यांनी नवे वेळापत्रक ठरवण्यासाठी पालकांची सभा घेतली. मुलांनी बाहेर जाऊ नये म्हणून फाटक बंद ठेवावे, मोबाइल सकाळीच जमा करावेत, असे आम्ही बहुतेकांनी सुचवले. मुलाला हे कळल्यावर तो म्हणाला, "केंद्रात मी जातो, आणि विचारले मात्र तुम्हाला." त्यानंतर तो दोन दिवस गेलाच नाही. चूक कोणाची?

उत्तर : तुमच्या मुलाने एका वाक्यात जे सांगितले, ते सांगायला इतरांना जाहीरनामे काढावे लागले. जून 1983 मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे एका आरोग्य परिषदेत एड्स झालेल्या मोजक्या माणसांनी एक निवेदन मांडले. आम्हाला 'बळी' म्हणू नका, 'रुग्ण' तर आम्ही अधूनमधूनच असतो, आणि सेवा देणाऱ्या संस्थांच्या संचालक मंडळांसह निर्णयाच्या प्रत्येक पातळीवर आम्हाला स्थान हवे, असा त्याचा आशय होता. त्यांच्या बाजूने बोलणारी सहृदय माणसे तेव्हाही होती. पण या आजारी माणसांना स्वतः बोलायचे होते.

तरीही तुमची चूक झाली, असे मी म्हणणार नाही. फाटकाची मागणी भीतीतून आली आहे, आणि मुलगा एकदा रात्रभर घरी न आल्याचा अनुभव ज्या घराने घेतला आहे त्या घराची भीती खोटी ठरवण्याचा अधिकार कोणाला नाही. चूक केंद्राच्या पद्धतीत आहे. पालक आणि केंद्रात येणारी मुले-मुली हे दोन वेगळे गट आहेत, त्यांचे हित बरेचसे एक असले तरी सगळे एक नाही, हे त्यांनी लक्षात घेतले नाही. आपल्या कायद्याने ते लक्षात घेतले आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 नुसार राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर मानसिक आजार असलेल्या किंवा होऊन गेलेल्या व्यक्तींचे दोन प्रतिनिधी आणि काळजी घेणाऱ्यांचे दोन प्रतिनिधी अशा वेगवेगळ्या जागा आहेत. एकाची खुर्ची दुसऱ्याने भरून चालत नाही. याच कायद्याने आजारी व्यक्तीला आगाऊ निर्देश, म्हणजे पुढे आजारपणात आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत हे, लिहून ठेवण्याचा आणि आपला नामनिर्देशित प्रतिनिधी स्वतः निवडण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे तुमच्या मुलाच्या वतीने कोण बोलणार, हेही आधी त्याने ठरवायचे आहे. तो तुमचेच नाव देईल, अशी मला आशा आहे; पण ते त्याने द्यायचे आहे.

केंद्राला असे सुचवा की दोन सभा वेगवेगळ्या घ्याव्यात आणि तिसरी एकत्र. पहिल्या सभेत मुलांना, पालक आणि शक्य तर कर्मचारीही खोलीत नसताना, त्यांच्यापैकीच कोणीतरी बोलते करावे. सगळ्यांनी गोलात बसून हात वर करून बोलायचे, ही पद्धत औषधांमुळे सुस्त वाटणाऱ्या किंवा गर्दीत अवघडणाऱ्या माणसाला मानवत नाही. दोघा-दोघांत बोलणे, कागदावर दिवसाचे चित्र काढणे, केंद्राच्या परिसरात फिरताना "इथे मला बरे वाटते, इथे नाही" अशी जागा दाखवणे यांतून अधिक कळते. माझ्या पाहण्यातील एका केंद्रात अशा फेरीत कळले की मुले फाटकाबाहेर जात होती ती पळून जाण्यासाठी नव्हे. आतल्या चहाला साखर नसे आणि टपरीवर माणसे त्यांना नावाने हाक मारत. फाटकावर कुलूप घालण्याऐवजी अकरा वाजता टपरीवर जाण्याची अर्धा तासाची सुट्टी वेळापत्रकातच घातली गेली. पालकांच्या भीतीचे उत्तर त्यात अंशतः होते, पूर्ण नव्हते. कोण गेले आणि कोण परत आले याची वही पालकांच्या आग्रहाने सुरू झाली आणि ती मुलांनीच लिहायची, अशी अट मुलांनी घातली.

पालकांच्या सभेबद्दलही एक सांगायचे आहे. सरकारी भाषेत आता 'काळजीवाहक' हा शब्द रुळतो आहे. दवाखान्यात आपण त्या माणसाला 'नातेवाईक' म्हणतो आणि हा शब्द कानावर पडतो तो बहुधा "नातेवाईकांनी बाहेर थांबा" या वाक्यात. अशा माणसाला सभेत बोलावले की तो आपल्या माणसाविषयीच बोलतो, स्वतःविषयी बोलायचे असते हे त्याच्या मनातही येत नाही. तुमच्या चार पानी पत्रात तुमच्या झोपेविषयी, नोकरीविषयी किंवा तुमच्या पत्नीच्या गुडघ्याविषयी एक ओळ आहे, तीही कंसात. केंद्र चार वाजता बंद होते आणि तुमचे कार्यालय सहाला सुटते, हे दोन तास कोण सांभाळते? वर्षातून आठ दिवस तरी मुलाला विश्वासाने ठेवता येईल अशी जागा तुम्हाला हवी आहे का? हे प्रश्न पालकांच्या सभेचे आहेत. मोबाइल जमा करावेत का, हा मुलांच्या सभेचा आहे. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी राहिली ती कॅनडात कॅलगरी येथे प्राध्यापक असलेल्या जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारातून, आणि त्यामागे पत्नीच्या आजारात घरच्या माणसाने घेतलेला अनुभव होता. घरच्यांनी स्वतःच्या गरजेला नाव दिले म्हणजे सेवा कशी उभी राहते, याचे हे आपल्या जवळचे उदाहरण आहे. आधी मुलाची माफी मागा, असे मी सुचवणार नाही. त्याला एवढेच विचारा की केंद्राने त्याला बोलावले तर तो काय सांगेल, आणि ते केंद्रापर्यंत तुम्ही पोहोचवावे की तो स्वतः सांगेल.

प्रश्न : मी जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. रुग्णांना विचारून सेवा आखा, हे ऐकायला चांगले वाटते. रात्रपाळीला एक सिस्टर आणि चाळीस रुग्ण असतात. विचारायला गेलो तर लोक वातानुकूलित खोली मागतील. आधीच शिव्या खाणाऱ्या आम्हाला आणखी एक न्यायालय कशाला?

उत्तर : सिस्टर, शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. कर्मचाऱ्यांना वगळून रुग्णांना विचारले तर जे होते ते न्यायालयच असते आणि तुमची भीती रास्त आहे. इंग्लंडमध्ये ल्यूटन येथील रुग्णालयात, डोके व मान यांच्या कर्करोगाच्या विभागात, पॉल बेट आणि ग्लेन रॉबर्ट या अभ्यासकांनी 2000 च्या दशकाच्या मध्यावर एक पद्धत बांधली. तिच्यात आधी रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना त्यांचा प्रवास कॅमेऱ्यासमोर सांगायला लावतात. कर्मचाऱ्यांच्या मुलाखतीही तितक्याच मनापासून घेतात. मग दोन्ही गट आपापले वेगळे बसतात आणि शेवटी एकत्र बसून रुग्णांच्या चित्रफितीतील निवडक भाग पाहतात, कोणत्या क्षणी मन खचले आणि कोणत्या क्षणी आधार मिळाला ते खुणावतात आणि चार-पाच विषय निवडून मिश्र गटांनी ते सोडवतात. कोणी कोणाची तक्रार करत नाही. दोघेही तीच खाट वेगवेगळ्या बाजूंनी पाहतात.

वातानुकूलित खोलीबद्दल म्हणाल, तर माझा अनुभव तुमच्या अंदाजापेक्षा वेगळा आहे. "तुम्हाला काय हवे" असे विचारले तर लोक यादी देतात. "काल रात्री काय झाले ते सांगा" असे विचारले तर ते रात्र सांगतात. बाळंतिणीच्या कक्षातील एका बाईने मला सांगितले होते की रात्री शौचालयाला जाताना बाळ कोणाकडे द्यावे हे न कळल्याने ती पहाटेपर्यंत थांबली. तिने काहीच मागितले नव्हते. चाळीस रुग्णांमागे एक सिस्टर हे वास्तव त्या रात्रीतही होतेच, आणि ते तिच्या तोंडून आले तेव्हा अधीक्षकांनी ते तुमच्या अर्जापेक्षा लवकर ऐकले. दोन-तीन मावश्यांच्या पाळ्या बदलून निदान बाळंतिणीच्या कक्षात रात्री एक जण कायम राहील, असे ठरले.

एका धोक्याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात आजारी नवजात बाळांच्या कक्षात आई-वडिलांना प्रशिक्षण देऊन, हात धुण्याची शिस्त लावून, काळजीत सामील करून घेण्याची पद्धत रुजली आणि केंद्र सरकारने 2017 मध्ये त्यासाठी देशभरासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बाळाच्या दृष्टीने ते चांगलेच आहे. परंतु मनुष्यबळ कमी असलेल्या आपल्या वॉर्डांत 'सहभाग' या नावाखाली स्ट्रेचर ढकलणे, नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणे आणि सलाईन संपल्याचे सांगत धावणे ही कामे नातेवाइकांवर आधीच पडलेली आहेत. आईला कक्षात घेतले, तर तिला बसायला खुर्ची कोणती, दूध काढायला आडोसा कुठे, तिचे स्वतःचे जेवण किती वाजता आणि रात्री तिने झोपायचे कुठे, हे ठरवताना तिला विचारले गेले का, एवढे पाहा. तिचे हात कामाला घेतले आणि तिचे म्हणणे घेतले नाही, तर तुम्हाला एक बिनपगारी आया मिळाली, बाकी काही बदलले नाही. तुमच्या पुढच्या वॉर्ड सभेत हा विषय मांडायचा झाला, तर खुर्चीपासून मांडा. नवजात कक्षाबाहेर भिंतीला टेकून बसलेल्या माता मोजल्या की आकडा हाती येईल.